यंत्राचे नाव काय लिहायचे? न्हावा शेवा बंदरातून आमची पहिली आयात

बेदाण्याची प्रतवारी हे आमच्याकडे पिढीजात हाताचे काम आहे. तासगाव परिसरातील शेडमधून आलेला माल आमच्याकडे धुतला जातो, वाळवला जातो, आणि मग लांब टेबलांच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या बायका काळपट दाणा, देठ आणि काड्या वेचून बाजूला काढतात. मोठ्या खरेदीदारांच्या अटी कडक होत गेल्या आणि हंगामात पुरेशी माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा २०२१ च्या दिवाळीनंतर आम्ही रंगानुसार दाणे वेगळे करणारे यंत्र, म्हणजे कलर सॉर्टर, चीनमधून थेट मागवायचे ठरवले. अशा यंत्रांचे अनेक कारखाने आनह्वी प्रांतातील हफेई शहरात आहेत. त्यांतील एकाशी ऑनलाइन बोलणी झाली, नमुन्याचा बेदाणा पाठवून चाचणीचे व्हिडिओ पाहिले आणि किंमत ठरली. पुढचे सारे सोपे आहे अशी माझी समजूत होती.

व्यवसायातील एका परिचिताने मला त्याच्या ‘सीएचए’चा, म्हणजे आयातदाराच्या वतीने सीमाशुल्काचे कागद भरून माल सोडवणाऱ्या एजंटचा, नंबर दिला. कस्टम हाउस एजंट हे जुने नाव २०१३ च्या नियमावलीने बदलून कस्टम्स ब्रोकर केले असले, तरी बंदरावर आणि बाजारात आजही सगळे सीएचएच म्हणतात. या गृहस्थांनी फोनवर माझे कोणतेही कागद न पाहता सांगितले की पुरवठादाराकडून कमी किमतीचे इन्व्हॉइस मागवा, बाकीची रक्कम नंतर बघता येईल, आणि माल सोडवण्याची काळजी आमच्यावर सोडा. मी चौकशी केली तेव्हा कळले की त्यांच्या स्वतःच्या नावावर परवानाच नाही, ते दुसऱ्याच्या परवान्यावर काम करतात. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १४६ नुसार परवान्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही आणि त्याखालील नियमावलीप्रमाणे परवाना दुसऱ्याला वापरायला देता येत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हते. मला फक्त एवढेच खटकले की ज्याने माझे यंत्र काय आहे हेही विचारले नाही, तो ते सरकारपुढे कसे मांडणार.

दुसरा ब्रोकर आमच्या बँकेच्या परकीय चलन विभागातील एका अधिकाऱ्याच्या ओळखीतून मिळाला. मुंबईत फोर्टात त्यांचे छोटे कार्यालय आहे. वयाने साठीच्या आसपास असलेल्या या गृहस्थांनी पहिल्या भेटीत मला फीचा आकडा सांगितलाच नाही. आधी आयात-निर्यात कोड, पॅन, जीएसटी नोंदणी, बँकेचे पत्र आणि कारखान्याच्या पत्त्याचा पुरावा मागितला. मी थोडा नाराज झालो, कारण ते माझ्यावर संशय घेत आहेत असे वाटले. तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की २०१८ च्या परवाना नियमावलीप्रमाणे ग्राहकाची ओळख, त्याचा कोड, जीएसटी क्रमांक आणि तो दिलेल्या पत्त्यावर खरोखर काम करतो की नाही, हे तपासणे ब्रोकरचे कर्तव्य आहे, आणि ग्राहक खोटा निघाला तर त्यांचा परवाना जाऊ शकतो. त्यानंतर त्यांनी माझ्याकडून अधिकारपत्रावर सही घेतली. सही घेण्याआधी मात्र एक गोष्ट दोनदा सांगितली. ब्रोकर ठेवणे कायद्याने सक्तीचे नाही, आयातदार स्वतःही कागद भरू शकतो. आणि ब्रोकरने भरले तरी कलम १४७ प्रमाणे त्याने केलेली गोष्ट आयातदाराला ठाऊक असून त्याच्या संमतीने झाली असेच गृहीत धरले जाते, अन्यथा सिद्ध करण्याची जबाबदारी आयातदाराची. “साहेब, बिल ऑफ एन्ट्री मी भरणार, पण त्यातले म्हणणे तुमचे असणार,” हे त्यांचे शब्द मला आजही आठवतात. बिल ऑफ एन्ट्री म्हणजे आयात मालाची सीमाशुल्काकडे केलेली लेखी घोषणा.

यानंतर त्यांनी जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे शोधताना मला माझेच यंत्र नव्याने समजले. दाणा उतरत्या पन्हाळीवरून घसरत जातो की पट्ट्यावरून पुढे सरकतो? यंत्र फक्त बेदाण्यासाठी आहे की तांदूळ, डाळही त्यात चालते? कंप्रेसर सोबत येणार का, आणि येणार असेल तर इन्व्हॉइसमध्ये त्याची किंमत वेगळी दाखवली आहे का? दूरवरून दुरुस्ती करता यावी म्हणून आत वाय-फाय मॉड्यूल बसवले आहे का? पेटी कोणत्या लाकडाची? मी पुरवठादाराला हे सारे विचारले, तेव्हा वाय-फाय मॉड्यूल खरोखरच निघाले. अशा बिनतारी उपकरणासाठी दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची उपकरण-मान्यता लागते आणि ती हाती नसताना माल बंदरात आला तर तो अडकतो, म्हणून ब्रोकरच्या सल्ल्याने आम्ही ते मॉड्यूल काढून साधी केबल जोडणी मागितली. कंप्रेसर सांगलीतच घ्यायचे ठरले, कारण त्याची देखभाल इथे सहज होते आणि पुरवठादाराने ‘एक संच’ म्हणून लावलेली एकत्रित किंमत फोडून दाखवायला तो तयार नव्हता. पेटीच्या लाकडावर उष्णता-प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का असल्याचे छायाचित्र जहाजात चढण्याआधी मागवले गेले. शिक्का नसलेले लाकूड आले असते, तर वनस्पती संगरोध विभागाच्या प्रक्रियेत आणखी दिवस आणि पैसे गेले असते.

वाहतुकीच्या अटींबाबतही त्यांनी मला थांबवले. पुरवठादार सीआयएफ भाव, म्हणजे समुद्रभाडे आणि विमा धरून भाव, देत होता आणि त्यात समुद्रभाडे इतके कमी होते की मी लगेच होकार देणार होतो. त्या वर्षी कंटेनरची टंचाई होती आणि भाडी कडाडली होती, त्यामुळे स्वस्त भाडे ही मोठीच सवलत वाटत होती. आमचे यंत्र पूर्ण कंटेनर भरण्याइतके मोठे नव्हते. ते अनेकांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये, म्हणजे एलसीएल पद्धतीने, येणार होते. अशा मालात भाडे तिकडे नाममात्र दाखवून ती रक्कम इकडे न्हावा शेव्यात निरनिराळ्या शुल्कांच्या नावाखाली वसूल होते आणि डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल ताब्यात देण्याचा आदेश, हवी असेल तर ते बिल भरण्यावाचून इलाज नसतो, हे त्यांनी जुन्या प्रकरणांची बिले समोर ठेवून दाखवले. आम्ही एफओबी शांघाय, म्हणजे शांघायला जहाजात माल चढवण्यापर्यंतचाच खर्च पुरवठादाराचा, ही अट घेतली, भाडे आणि इथले सर्व खर्च आधीच लेखी ठरवून वाहतुकीची व्यवस्था करणारा फॉरवर्डर नेमला आणि सागरी विमाही स्वतः उतरवला. विम्याचा कागद नसेल तर मूल्यांकनात एफओबी किमतीच्या १.१२५ टक्के रक्कम विमा म्हणून धरली जाते, आणि ती आमच्या खऱ्या हप्त्यापेक्षा बरीच जास्त होती.

खरा पेच यंत्राच्या वर्गीकरणाचा होता. सीमाशुल्कात प्रत्येक वस्तूला एक शीर्षक क्रमांक असतो आणि दर त्या क्रमांकावर ठरतो. पुरवठादाराच्या इन्व्हॉइसवर ८४३७ हे शीर्षक छापलेले होते. हे शीर्षक बियाणे, धान्य आणि वाळवलेल्या कडधान्यांची स्वच्छता व प्रतवारी करणाऱ्या यंत्रांचे आहे. कलर सॉर्टर तांदूळ-डाळीच्या गिरण्यांत मोठ्या संख्येने वापरले जातात, म्हणून त्यांच्या कागदांवर तोच क्रमांक रूढ होता. बेदाणा मात्र धान्य नाही आणि कडधान्यही नाही, तो सुकवलेले फळ आहे. अंडी, फळे आणि इतर शेतमालाची प्रतवारी करणाऱ्या यंत्रांसाठी ८४३३ हे वेगळे शीर्षक आहे. त्या काळात ८४३७ मधील यंत्रांवर आयातीच्या वेळी भरायचा एकात्मिक जीएसटी ५ टक्के होता आणि ८४३३ मधील आमच्या प्रकारच्या यंत्रावर १२ टक्के.

ब्रोकरने दोन्ही हिशेब एका कागदावर मांडून दिले. यंत्राचे आकारणीयोग्य मूल्य, म्हणजे भाडे आणि विमा धरून व सीमाशुल्क मंडळाने अधिसूचित केलेल्या विनिमय दराने काढलेली रक्कम, २५,००,००० रुपये होती. त्यावर ७.५ टक्के मूळ सीमाशुल्क १,८७,५०० रुपये आणि त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार १८,७५० रुपये. या सर्वांची बेरीज २७,०६,२५० रुपये, आणि जीएसटी या बेरजेवर लागतो. १२ टक्क्यांनी तो ३,२४,७५० रुपये होत होता, तर ५ टक्क्यांनी सुमारे १,३५,३०० रुपये. फरक एक लाख नव्वद हजारांच्या जवळ जात होता आणि हंगामाच्या तोंडावर खेळत्या भांडवलातून तेवढी रक्कम काढणे आम्हाला जड होते.

मी त्यांना स्पष्टच विचारले की पुरवठादाराच्याच कागदावर ८४३७ छापलेले असताना आपण तेच का भरू नये. त्यांनी रागावून किंवा घाबरवून उत्तर दिले नाही. आधी शीर्षकाचे शब्द वाचून दाखवले. मग ही शीर्षके ज्यात येतात त्या शुल्कसूचीतील ८४ व्या प्रकरणाच्या टिपांपैकी एक टीप दाखवली. एखादे यंत्र एकाहून अधिक कामांसाठी वापरता येत असेल, तर त्याचे मुख्य काम हेच जणू एकमेव काम आहे असे मानून त्याचे वर्गीकरण करावे, असा तिचा आशय आहे. आमचे यंत्र पट्ट्याचे होते. बेदाणा चिकट असतो, तो पन्हाळीवरून धान्यासारखा सुटा घसरत नाही, म्हणूनच आम्ही जास्त पैसे देऊन पट्ट्याचे मॉडेल घेतले होते. ज्या यंत्राची रचनाच फळासाठी निवडली आहे, ते धान्याचे आहे असे लिहिणे ही चुकीची घोषणा ठरली असती. २०११ पासून आपल्याकडे स्वयंमूल्यांकन आहे, म्हणजे शुल्क किती लागते हे आधी आयातदारच जाहीर करतो. साध्या चुकीसाठी दोन वर्षांपर्यंत आणि जाणूनबुजून माहिती दडवल्यास पाच वर्षांपर्यंत मागणीची नोटीस येऊ शकते, शिवाय व्याज आणि दंड लागतो, हेही त्यांनी सांगितले. मी तरीही आग्रह धरला तर हे काम सोडावे लागेल आणि तशी माहिती वरिष्ठ सीमाशुल्क अधिकाऱ्यांना देणे नियमानुसार त्यांना बंधनकारक राहील, हे सर्वांत शेवटी आणि काहीशा संकोचाने त्यांनी जोडले.

आमच्या लेखापरीक्षकांनी दुसरी बाजू समजावली. भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट आम्हाला मिळणारच होते, मात्र बेदाण्याच्या विक्रीवर कर ५ टक्केच असल्याने ते हळूहळू वापरले जाणार होते, आणि खरेदीवरचा कर विक्रीवरच्या करापेक्षा जास्त असेल तर जो परतावा मिळतो, तो यंत्रासारख्या भांडवली मालावरच्या क्रेडिटचा मिळत नाही. म्हणजे रक्कम बुडणार नव्हती, पण अडकणार होती. आम्ही ८४३३ वर शिक्कामोर्तब केले आणि पुरवठादाराकडून इन्व्हॉइस दुरुस्त करून घेतले. त्यात ‘सुकवलेल्या द्राक्षांसाठी पट्टा-पद्धतीचे रंग-प्रतवारी यंत्र’ असे वर्णन आले.

जहाज डिसेंबरच्या अखेरीस शांघायहून निघाले. १७ जानेवारी २०२२ रोजी ब्रोकरच्या कार्यालयातून मला ‘चेकलिस्ट’ आली. बिल ऑफ एन्ट्री प्रणालीत दाखल करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक रकाना आयातदाराला तपासायला पाठवला जातो, त्याला हे नाव आहे. माझ्या ओळखीचे बरेच आयातदार ती न उघडताच ‘ओके’ असे उत्तर पाठवतात. मी दीड तास बसून वाचली आणि यंत्राच्या अनुक्रमांकात एक अंक चुकलेला मला सापडला. तो दुरुस्त करून त्याच संध्याकाळी बिल दाखल झाले. जहाज पोहोचते त्याच्या आदल्या दिवसाअखेर बिल दाखल करावे लागते, आणि उशीर झाल्यास पहिले तीन दिवस रोज ५,००० व पुढे रोज १०,००० रुपये आकार लागतो, म्हणून ही घाई होती.

जहाज १९ तारखेला लागले. २० तारखेला बिल तपासणाऱ्या अधिकाऱ्याची लेखी शंका आली. आता मूल्यांकन चेहराविरहित पद्धतीने होते, म्हणजे माल न्हावा शेव्यात असला तरी बिल तपासणारा अधिकारी देशातल्या दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो आणि त्याच्याशी बोलण्याचा मार्ग म्हणजे संगणक प्रणालीवर दिलेले लेखी उत्तर. २०२० च्या ऑक्टोबरअखेर ही पद्धत देशभर लागू झाली. ब्रोकरचे काम ओळखीपाळखीचे असते असे मानणाऱ्यांनी हा बदल जवळून पाहायला हवा, कारण आता कागदावरचे वाक्य हेच सर्वस्व आहे. अधिकाऱ्याने यंत्राचा उपयोग, तांत्रिक माहिती आणि किंमत अदा केल्याचा पुरावा मागितला होता. आमच्याकडे सारे तयार होते. ब्रोकरने दीड पानाचे उत्तर लिहिले, कॅटलॉगमधील पट्ट्याची आकृती, आमच्या बेदाण्यावर झालेल्या चाचणीचा अहवाल आणि बँकेच्या हस्तांतरणाची प्रत ई-संचितवर, म्हणजे सीमाशुल्काच्या ऑनलाइन कागदपत्र प्रणालीवर, चढवली. २४ तारखेला बिल मूल्यांकित होऊन आले, शीर्षक तेच राहिले आणि तपासणीचा आदेश निघाला. आम्ही त्याच दिवशी ५,३१,००० रुपये शुल्क ऑनलाइन भरले.

२५ तारखेला मी द्रोणागिरी परिसरातील सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, स्वतः गेलो. तिथे कंटेनरमधून सगळ्यांचा माल उतरवून रांगेत ठेवलेला होता. आमची पेटी उघडली आणि पोटात गोळा आला, कारण यंत्राच्या अंगावरील धातूच्या पट्टीवर इंग्रजीत ‘धान्य रंग-प्रतवारी यंत्र’ अशा अर्थाचे शब्द कोरलेले होते. कारखान्याने सगळ्या यंत्रांना लावायची ठरावीक पट्टी आमच्याही यंत्राला लावून टाकली होती. घोषणेतील वर्णन आणि वस्तूवरील वर्णन जुळत नाही, असा शेरा तपासणी अधिकाऱ्याने मारला असता तर बिल पुन्हा मूल्यांकनाकडे गेले असते. विसंगती दिसल्यावर प्रश्न विचारणे हे त्या अधिकाऱ्याचे कामच होते आणि त्यांनी ते सभ्यपणे केले.

ब्रोकरकडचा जी-कार्डधारक तरुण माझ्यासोबत होता. हे कार्ड परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कर्मचाऱ्याला मिळते. तो गोंधळला नाही. त्याने अधिकाऱ्यांना विनंती करून यंत्राचा बाजूचा पत्रा उघडायला लावला, आतील पट्टा दाखवला, मॉडेल आणि अनुक्रमांक इन्व्हॉइसशी जुळवून दाखवले. आम्ही जास्त दराचे शीर्षक घोषित केले आहे, धान्याचे यंत्र म्हटले असते तर कर कमीच लागला असता, हेही त्याने नम्रपणे लक्षात आणून दिले. या एका मुद्द्याचे वजन मी त्या शेडमध्ये उभा राहून अनुभवले. खरे लिहिण्याचा आग्रह ब्रोकरने धरला नसता आणि याच पट्टीच्या आधारे आम्ही ५ टक्के भरले असते, तर त्या दिवशी कदाचित माल निर्वेध सुटलाही असता, पण कॅटलॉग आणि चाचणीचा अहवाल पाच वर्षे आमच्याविरुद्धचा पुरावा म्हणून आमच्याच कपाटात पडून राहिला असता. अधिकाऱ्यांनी कारखान्याचे खुलाशाचे पत्र मागितले. २६ जानेवारीची सुट्टी मध्ये आली. २७ ला पत्र सादर झाले आणि संध्याकाळी ‘आउट ऑफ चार्ज’, म्हणजे माल सोडण्याची सीमाशुल्काची परवानगी, मिळाले.

त्या दोन दिवसांत मला आणखी एक चिंता लागून होती. १ फेब्रुवारीला केंद्रीय अर्थसंकल्प होता आणि तोपर्यंत माल सुटला नाही तर नवा दर लागेल असे मला वाटत होते. मी रात्री अकरा वाजता ब्रोकरना फोन केला. त्यांनी न कंटाळता समजावले की दर ठरतो तो बिल दाखल केल्याच्या तारखेला, आणि बिल जहाजाच्या आगमनाची अधिकृत नोंद होण्याआधी भरले असेल तर त्या नोंदीच्या तारखेला. माल नंतर कधी सुटला याच्याशी दराचा संबंध नाही. आमची तारीख जानेवारीतच पक्की झाली होती. कायद्याचे हे एक कलम माहीत नसल्याने मी दोन रात्री झोपलो नव्हतो.

यंत्र २९ तारखेला तासगावला पोहोचले. आठवड्याने ब्रोकरचे बिल आले. त्यात डिलिव्हरी ऑर्डर, सीएफएसचे भाडे, हमाली, ट्रक यांच्या मूळ पावत्या जोडलेल्या होत्या आणि त्या साऱ्या रकमांच्या मानाने त्यांची स्वतःची फी किरकोळ होती. एवढ्या कमी मोबदल्यात इतक्या जबाबदारीचे काम होते, ही गोष्ट मला अस्वस्थ करून गेली. आमच्यासारखे लहान आयातदार फीसाठी घासाघीस करतात, मग ब्रोकरही दिवसाला पन्नास बिले भरून भागवतो आणि वाचण्याचा, विचारण्याचा वेळ उरत नाही. त्या वेळेची किंमत द्यायची आमची तयारी हवी, असे माझे ठाम मत झाले आहे. बिलासोबत त्यांनी एक चिठ्ठी लावली होती: बिल ऑफ एन्ट्रीची प्रत बँकेला देऊन आगाऊ पाठवलेल्या रकमेची नोंद बंद करून घ्यावी आणि सर्व कागद पाच वर्षे जपून ठेवावेत.

पुढे १८ जुलै २०२२ पासून दोन्ही शीर्षकांखालील या यंत्रांचा जीएसटी दर १८ टक्के झाला, त्यामुळे आमच्या वादाचे ते कारणच उरले नाही. दोन हंगामांनंतर यंत्रातील हवेच्या फवाऱ्याचे काही व्हॉल्व्ह खराब झाले. ते विमानाने मागवताना मी पुरवठादाराला ‘सॉर्टरचे सुटे भाग’ असे लिहायला सांगितले आणि चेकलिस्टच्या आधीच फोर्टातून फोन आला. व्हॉल्व्ह कोणत्याही यंत्राला लागला तरी तो ८४८१ या स्वतःच्या शीर्षकातच जातो, शुल्कसूचीच्या सोळाव्या विभागाची टीप तसे स्पष्ट सांगते, तेव्हा वर्णन बदलून घ्या, असे ते म्हणाले. मग त्यांनी विचारले की व्हॉल्व्ह विजेवर चालणारे आहेत का आणि एका संचात किती नग आहेत. मी नग मोजायला शेडकडे निघालो.